सल्ला मावशीचा: गुंड्याचे सहा आठवडे

"मावशी, आमचा गुंड्या ४ वर्षांचा आहे, गावठी, वजन १८ किलो. मागच्या आठवड्यात फाटक उघडं राहिलं (माझ्याकडूनच) आणि तो रस्त्यावर पळाला, स्कूटरने उडवलं. मागच्या उजव्या पायाचं मांडीचं हाड मोडलं. पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं, प्लेट आणि सहा स्क्रू बसवलेत. आज पाचवा दिवस. रात्रभर कण्हतो, घरी आल्यापासून शी केलेली नाही, गळ्यातली कॉलर घातली की भिंतीला धडकतो म्हणून काढली तर टाके चाटतो. सासूबाई म्हणतात हळद लाव, आणि त्यांनी परवा रात्री त्याला अर्धी कॉम्बिफ्लॅम पेढ्यात घालून दिली. मिस्टर म्हणतात तीन पायांवर मस्त चालतोय की, कशाला कोंडून ठेवतेस. ८ वर्षांचा चिनू त्याच्या गळ्यात पडून रडतो. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. मला काहीच सुचत नाहीये. - गुंड्याची आई, सातारा"

अगं गुंड्याची आई,

त्या कॉम्बिफ्लॅमबद्दल तुझं पत्र आलं त्याच रात्री तुला मेल केला होता, तुझं उत्तरही आलं की डॉक्टरांना फोन केलास, त्यांनी त्याचं नेहमीचं पेनकिलर थांबवून पोटाचं औषध आणि दुखण्यावर दुसरी गोळी दिली, आणि अजून तरी उलटी वगैरे काही नाही. जीव भांड्यात पडला माझा. पण हे इथे परत लिहितेय कारण मला येणाऱ्या दर चार पत्रांत एक तरी पेढा, गुलाबजाम नाहीतर चपातीचा लाडू असतोच, ज्याच्या आत माणसाची गोळी असते. आपल्या घरातली अर्धी गोळी म्हणजे "थोडीशी" असं वाटतं ना, पण कॉम्बिफ्लॅमच्या अख्ख्या गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे अर्धीतून २०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन १८ किलोच्या जिवाच्या पोटात गेलं. कुत्र्यांना आयबुप्रोफेन अजिबात झेपत नाही, जठराला अल्सर होतो, डोस जास्त झाला तर किडनी जाते. आणि गुंड्याला तर आधीच डॉक्टरांनी दिलेलं मेलॉक्सिकॅम हे पेनकिलर चालू होतं, ते पण त्याच जातीचं औषध, एकावर एक दोन पडली की पोटाचं वाटोळं व्हायची शक्यता कितीतरी वाढते. डायक्लोफेनॅक म्हणजे आपली व्होव्हेरान, ती पण तशीच. पॅरासिटामॉल पण मनाने नाही द्यायचं. लक्षणं लगेच दिसतील असंही नाही, दोन-चार दिवसांनीसुद्धा दिसू शकतात, म्हणून अजून काही दिवस त्याच्या शीवर नजर ठेव, डांबरासारखी काळी चिकट झाली, उलटी झाली, जेवण एकदम सोडलं किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन लाव.

आणि सासूबाईंवर चिडू नकोस. पत्राच्या इथे न छापलेल्या भागात तू लिहिलंयस की त्या रात्री दोन वाजेपर्यंत त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याच बसल्या होत्या. त्यांना त्याचं कण्हणं ऐकवलं नाही, घरात जे होतं ते दिलं. त्यांना ओरडण्यापेक्षा एक कर, गुंड्याची सगळी औषधं एका डब्यात घाल, वर कागद चिकटव, कुठलं किती वाजता, दिलं की पेनने टिक. घरात चार माणसं औषध देणारी असली की एक तर दोनदा दिलं जातं नाहीतर एकदाही नाही. औषध देणारं माणूस एकच ठरव. मेलॉक्सिकॅम परत सुरू करायला सांगितलं तर ते चोवीस तासांतून एकदाच आणि जेवणानंतर, रात्री कण्हला म्हणून अजून अर्धी असं नाही. कण्हणं थांबतच नसेल तर डॉक्टरांना विचार, दुखण्यावरची वेगळ्या प्रकारची औषधं असतात, ते सोबत देऊ शकतात. तेवढं विचारायला आपण लाजतो का कुणास ठाऊक, डॉक्टर काय म्हणतील, सारखा फोन करते. करायचा गं. पैसे दिलेत आपण.

आता कण्हण्याचं. ते सगळंच दुखण्याचं असतं असं नाही. दुखत असलं की तो धापा टाकतो, थरथरतो, एका कुशीवर दोन मिनिटं टिकत नाही, कान मागे, सारखं पायाकडे वळून बघणं, आवडीचं पुढे ठेवलं तरी तोंड फिरवणं. आणि तू जवळ जाऊन बसलीस की गप्प होतो, उठलीस की परत सुरू, तर मग ते "मला एकट्याला का ठेवलंय" आहे. ऑपरेशननंतरचे पहिले एक-दोन दिवस भुलीचा आणि कडक औषधांचा अंमल असतो त्यानेही रडतात काही कुत्री, पण पाचव्या दिवशी ते नसणार. मला तुझ्या पत्रावरून वाटतंय की थोडं हे थोडं ते. त्याला तुम्ही मागच्या खोलीत ठेवलाय ना? काढ तिथून. जिथे तुम्ही रात्री झोपता तिथे नाहीतर जिथे दिवसभर वावर असतो तिथे त्याची जागा कर, आणि पहिल्या आठवड्यात कुणीतरी खाली गादी टाकून त्याच्या शेजारी झोपा. आमच्याकडे हे काम आमच्या ह्यांनी केलं होतं आणि नंतर महिनाभर कंबर धरली म्हणून मलाच ऐकवत होते.

टाक्यांचं थोडक्यात सांगते. हळद नाही. हळद चांगली असेल पण स्वयंपाकघरातली पूड शिवलेल्या जखमेवर दाबायची वस्तू नाही, ती चिकटते, त्याखाली काय चाललंय दिसत नाही, आणि तो चाटतो. डेटॉल नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, ते फसफसतं म्हणजे साफ करतंय असं वाटतं पण नवीन येणारी कातडीपण जाळतं. डॉक्टरांनी काही लावायला दिलं असेल तेच, नाहीतर काहीच नाही, कोरडं ठेवायचं. अंघोळ तर टाके निघेपर्यंत नाहीच. रोज सकाळी एकाच वेळेला, खिडकीच्या उजेडात, मोबाईलवर टाक्यांचा एक फोटो काढ. रोज बघून डोळ्याला सवय होते आणि फरक कळत नाही, चार दिवसांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की सूज वाढली का लाली पसरली का लगेच कळतं, आणि डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. पातळ गुलाबीसर पाणी थोडंसं आलं तर घाबरू नकोस, पण पिवळं घट्ट, वास येणारं, टाके उसवलेले, हात लावला की गरम, हे आलं की लगेच. ताप हाताने बघू नकोस, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच लागतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नॉर्मल. डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून बघायचं, दोघांनी धरून. १०३ च्या वर गेला तर फोन.

अजून एक, कारण याने हमखास घाबरगुंडी उडते. मांडीच्या ऑपरेशननंतर तीन-चार दिवसांनी सूज खाली उतरते, घोट्यापाशी पाय फुगल्यासारखा दिसतो, बोट दाबलं की खळगा पडतो, काळंनिळं पण होतं. हाड खाली पण मोडलंय की काय असं वाटतं. ते मांडीत साचलेलं रक्तपाणी नुसतं खाली आलेलं असतं, आठवड्याभरात जातं. सूज उतरायच्या ऐवजी वाढत गेली किंवा पंजा गार पडला तर मात्र दाखवायचं. (मांडीला सहसा बँडेज करत नाहीत, ते टिकत नाही तिथे. पण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या कुत्र्याला खालच्या पायाला प्लास्टर किंवा बँडेज असेल तर रोज दोनदा बाहेर दिसणारी बोटं बघा, मधल्या दोन नख्या एकमेकींपासून फाकायला लागल्या म्हणजे आत सूज येतेय, घट्ट झालंय. आणि पावसात बाहेर नेताना प्लास्टिकची पिशवी बांधा, पण घरात आल्या आल्या काढा, नाहीतर आत घाम धरून कातडी सडते. वास आला की थांबू नका.)

कॉलर. अगं ती कॉलर काढायची नाही. मला माहितीये तो दाराच्या चौकटीला धडकतो, पाण्याचं भांडं सांडतो, तुझ्या पोटऱ्यांना ओरखडे काढतो आणि असा बघतो की आपणच कसाई. पण एका रात्रीत, आपला डोळा लागला की अर्ध्या तासात, कुत्रं दहा टाके उसवू शकतं, आणि त्याच्या तोंडातले जंतू थेट प्लेटपर्यंत जाऊ शकतात. एकदा प्लेटला इन्फेक्शन झालं की ती कथा फार लांबते. कॉलर नाकाच्या दोन-तीन बोटं पुढे यायला हवी, तेवढी नसेल तर ती मोठी आण, गळ्याभोवतीची फुगवायची मऊ उशी मिळते ना ती मागच्या पायाला उपयोगाची नाही, त्याचं तोंड आरामात पोचतं. जेवायला भांडं विटेवर नाहीतर पाटावर ठेव म्हणजे कॉलरची कड जमिनीला अडत नाही. अगदीच वाटलं तर जेवताना काढ, पण तू समोर बसलेली असशील तरच आणि हातात मोबाईल नसेल तर. दहा ते चौदा दिवसांत टाके निघतील, तोपर्यंतच आहे.

श्रावण-भाद्रपदात माशांचं बघ. ओली जखम आणि माशी म्हणजे अळ्या, आणि गावठी कुत्र्यांना पावसाळ्यात अळ्या पडलेल्या मी इतक्या बघितल्यात की मला त्या वासाचीच भीती बसलीये. त्याच्या आसपास शी-शू लगेच उचल, फिनाईलने फरशी पुसलीस तर साध्या पाण्याने परत पूस आणि वाळू दे, तो चाटतो. माश्या पळवणारे स्प्रे मिळतात, टोपिक्युअर वगैरे, पण टाक्यांवर थेट मारायच्या आधी डॉक्टरांना विचार. मच्छरदाणी सगळ्यात सोपी, चिनूची लहानपणची छत्रीसारखी उघडणारी असेल माळ्यावर तर ती काढ.

शीचं म्हणशील तर ऑपरेशनच्या आधी उपाशी, नंतर दोन दिवस जेवण कमी, वर कडक पेनकिलरने आतडी मंद, त्यामुळे तीन-चार दिवस शी न होणं काही विशेष नाही. तुझा पाचवा आहे म्हणजे आता डॉक्टरांच्या कानावर घाल. लघवी मात्र चोवीस तास झाली नाही तर थांबायचं नसतं, ती होतेय असं तू लिहिलंयस ते बरंय. लाल भोपळा उकडून दोन-तीन चमचे जेवणात कालव, पाणी जास्त जाऊ दे, चिकन उकडलेलं पाणी (कांदा-लसूण-मीठ काही न घालता) पाण्यात मिसळलंस की आवडीने पितो. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, कधीकधी शी येत असते पण त्याला बसता येत नाही. बसायला मागचे दोन्ही पाय लागतात ना. मग तो गोल गोल फिरतो, अर्धा वाकतो, दुखतं, सोडून देतो. तर जुना टर्किश टॉवेल नाहीतर ओढणी लांब दुमडून पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घे आणि दोन्ही टोकं वर धर, उचलायचं नाही, नुसता भार घ्यायचा. नर आहे तेव्हा टॉवेल शूच्या जागेवर येत नाही ना बघ. आणि त्याला त्याच्या नेहमीच्या ठिकाणीच ने, त्याच पारिजातकाखाली, कारण चार वर्षं तिथेच केलंय त्याने, घरात वर्तमानपत्र पसरलंस तर तो तुझ्याकडे बघत बसेल. शू करताना कुठला पाय वर करायचा यावर त्याचा गोंधळ उडेल, पडेलही एखादवेळी, टॉवेल धरलेला असला की झालं. हसू आलं तर तोंड फिरवून हस, त्यांना कळतं.

हे सगळं तुला जमेल. मला काळजी आहे ती तुझ्या मिस्टरांच्या वाक्याची, "मस्त चालतोय की."

आमची चिमणी नावाची कुत्री होती, सहा किलोची, पुढचा पाय मोडला होता, तिलाही प्लेट. टाके निघाले, कॉलर निघाली, पाय टेकवायला लागली, शेपटी परत वर झाली, आम्ही सगळे खूश. चोविसावा दिवस होता, मला अजून आठवतो कारण दूधवाल्याच्या कॅलेंडरवर मी दिवस खोडत होते. मी तिला पाच मिनिटं म्हणून दिवाणावर जवळ घेतलं, टीव्ही लावला. बेल वाजली. ती बेलवर धावायची नेहमीची, तशीच उडी मारली. फार उंच नाही गं, दीड फूट असेल. "टक्" असा छोटा आवाज आला, सुपारी फुटते तसा, आणि ती ओरडलीसुद्धा नाही लगेच, पाय वर धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. दोन स्क्रू उपटले होते. परत भूल, परत ऑपरेशन, परत पहिल्या दिवसापासून सगळं, आणि तो पाय शेवटपर्यंत जरा वाकडाच राहिला. दारात कुरिअरवाला होता, टपरवेअरचं झाकण घेऊन.

म्हणून सांगते, पहिले दहा दिवस सोपे असतात कारण त्याला दुखतंय, तो पडून राहतो, घरातले पण धास्तावलेले असतात. खरी परीक्षा त्यानंतर, जेव्हा त्याला बरं वाटतं आणि हाड मात्र अजून जुळत असतं. मोठ्या कुत्र्याचं हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. पिल्लांचं लवकर जुळतं, तुझा चार वर्षांचा आहे. तोपर्यंत त्याचा सगळा भार ती प्लेट आणि ते सहा स्क्रू घेतायत, आणि धातूला सारखे सारखे झटके बसले की तो थकतो, तार दहा वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते ना तसं. हाड आधी जुळतंय का प्लेट आधी हरतेय अशी ती शर्यत असते. तीन पायांवर तर तो उद्या जिनापण चढेल, कुत्र्यांना चार पैकी एक पाय म्हणजे स्पेअर वाटतो. मिस्टरांना हा परिच्छेद वाचायला दे, मोठ्याने.

तर त्याला कोंडायचंच. खोलीत मोकळा ठेवणं म्हणजे कोंडणं नाही. उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल एवढीच जागा, त्याच्या मापाला साधारण चार बाय तीन फूट. बाजारात लोखंडी घडीचं कुंपण मिळतं, नाहीतर भिंतीचा कोपरा धरून एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला प्लायवूडची फळी, पण तो उडी मारणार नाही एवढी उंच आणि ढकलली तर हलणार नाही एवढी पक्की. खाली आधी रबरी मॅट, मग जुनी वाकळ. पावसात वाकळ धुतली तर चार दिवस वाळत नाही, म्हणून वर जुन्या कॉटनच्या साड्यांच्या घड्या घाल, त्या बदलायच्या आणि इस्त्रीने वाळवायच्या. तुमच्याकडे नवीन गुळगुळीत टाइल्स आहेत असं लिहिलंयस, तर त्याच्या जागेपासून दारापर्यंत सतरंजी किंवा योगा मॅटची पट्टी टाक, कडा चिकटपट्टीने चिकटव. टाइल्सवर मागचा पाय फाकून घसरणं ही बहुतेक घरातली दुसरी ॲक्सिडेंटची जागा आहे. पंज्याच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कापून टाक, त्यानेही घसरतात.

बाहेर न्यायचं ते फक्त शी-शूला, पाच मिनिटं, पट्टा लावून, अंगणात असलं तरी पट्टा लावूनच. मांजर कधी येईल सांगता येत नाही. पुण्याला चेकअपला नेताना गाडीच्या मागच्या सीटच्या खालची जागा गाद्यांनी भरून वर सपाट कर म्हणजे ब्रेकला खाली पडणार नाही. ॲक्टिव्हावर पायापाशी उभा करून डॉक्टरकडे नेणं, जे आपण सगळेच करतो, ते आता विसरायचं.

मग दिवसभर तो करणार काय. हा खरा प्रश्न आहे, कारण चार वर्षांचा गावठी म्हणजे नुसता वारा. त्याचं जेवण एकदम वाडग्यात देऊ नकोस. स्टीलच्या ताटात दही पसरून फ्रीजरला ठेव आणि ते चाटायला दे, वीस मिनिटं जातात. जुन्या टॉवेलच्या घडीत दाणे लपवून ठेव, नाकाने हुडकू दे (कापड खात नाही ना एवढं बघ). अंड्याचा कागदी ट्रे, त्यात उकडलेल्या चिकनचे तुकडे. नाकाने हुडकायचं काम दिलं की कुत्रं दमतं, माझ्या मते दोन किलोमीटर चालण्यापेक्षा जास्त. आणि सासूबाईंची जपाची वेळ असेल ना, त्यांचं आसन त्याच्या कुंपणाला लागून टाक, एक हात माळेवर एक हात आत. औषधाचा डबा तुझ्याकडे, सोबत त्यांच्याकडे. मिस्टरांकडे टॉवेलची ड्यूटी, सकाळ-संध्याकाळ.

जेवण थोडं कमी कर. हालचाल नाही, वजन वाढलं तर ते त्याच पायावर. अंडं, चिकन, भात, दही, भोपळा, जे खायचा तेच, पण नेहमीपेक्षा थोडं कमी. हाड मोडलंय म्हणून हाडं चघळायला देणारे लोक आहेत, शिजवलेलं हाड कधीच नाही, ते टोकदार फुटतं. आणि कॅल्शियमचं सिरप मनाने सुरू करू नकोस, नीट जेवणाऱ्या मोठ्या कुत्र्याला त्याने हाड काही लवकर जुळत नाही. डॉक्टरांनी लिहिलं असेल तर वेगळं.

चिनूशी मात्र तुलाच बोलायला लागेल. तो गळ्यात पडून रडतो हे वाचून मलाच भरून आलं, पण दुखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पडायचं नसतं. कितीही गरीब असो, कळ आली की तोंड वळतं आणि मधे जे येईल त्याला लागतं, चिनूचा चेहरा बरोबर त्या उंचीला आहे. त्याला मोठेपणा दे, फोटोग्राफर कर. रोजचा टाक्यांचा फोटो तो काढेल, गुंड्याला धरणार तू. दात लागलाच कुणाला, घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा.

गणपतीत त्याचा चौथा आठवडा चालू असेल, माझ्या चिमणीचा चोविसावा दिवस तोच. पाहुणे, दार सारखं उघडं, "अरे गुंड्या कसा आहेस" म्हणत कुंपण उघडणारे काका, ढोल-ताशे, फटाके. आत्ताच डॉक्टरांना सांगून ठेव की हा आवाजाला घाबरतो, आधीपासून द्यायचं काही औषध असेल तर ते आधी एकदा देऊन बघता येईल, माणसाची झोपेची गोळी नको. त्या पाच दिवसांपुरता मात्र तो आतल्या खोलीत, दार लावून, पंखा जोरात, टीव्ही नाहीतर रेडिओ चालू, सोबतीला आळीपाळीने एकेक जण. कुंपणावर कागद लाव, "उघडू नये, खायला देऊ नये". प्रसादात बेदाणे-मनुका असतात, ते कुत्र्याच्या किडनीला वाईट, थोडेसुद्धा नको. तळणीचे मोदक पण नको, जुलाब लागले तर तिन्ही पायांवर रात्री चारदा बाहेर कोण नेणार.

पायाच्या व्यायामाचं तू विचारलं नाहीस पण चेकअपला तूच विचार. मांडीचं हाड मोडलं की गुडघा आखडायची भीती असते, तो पाय काठीसारखा सरळ राहतो, पिल्लांत जास्त होतं पण मोठ्यांतही बघितलंय. हलक्या हाताने गुडघा वाकवणं-सरळ करणं कधीपासून, किती वेळा, हे डॉक्टरांनी हात धरून दाखवलं पाहिजे, व्हिडिओ बघून करू नकोस. साधारण दोन आठवड्यांत त्याने पंजा जमिनीला टेकवायला सुरुवात केलेली असावी. अजिबात टेकवत नसेल, किंवा टेकवत होता आणि एके दिवशी बंद केला, तर ते लगेच सांगायचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रे होईल. तो चुकवू नकोस, पैसे संपलेत मला कळतंय, आणि तेव्हा तो पळायला तयार दिसत असेल म्हणून वाटेल कशाला उगाच. पुणं लांब पडत असेल तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याहून तासाभराच्या रस्त्यावर, तिथे विचार, फक्त ऑपरेशनच्या आधीचे-नंतरचे एक्स-रे आणि कागद सोबत ने. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले जुळलंय की मगच, आणि तेव्हाही एकदम मोकळं नाही, आधी दहा मिनिटं पट्ट्याने, मग पंधरा, जिना आणि उड्या सगळ्यात शेवटी.

फाटकाबद्दल तू तीन वेळा लिहिलंयस पत्रात, तीन वेळा "माझ्याकडूनच". माझ्याकडून दिवाण, तुझ्याकडून फाटक. हार्डवेअरच्या दुकानात फाटक आपोआप लागायची स्प्रिंग मिळते, मिस्टरांना या रविवारी बसवायला लाव, गुंड्या बरा व्हायची वाट बघू नका. गणपतीतले पाहुणे पण फाटक उघडंच टाकून येतील.

तुझी,
मावशी

ता.क. एक्स-रेनंतर कळव. आणि चिनूने काढलेला एक फोटो पाठव, टाक्यांचा नको, तोंडाचा.